मळीपासून मद्यार्क : सभासदाने हिशोब कसा पाहावा

उसाच्या पट्ट्यातील गावी सभा घेतली की एक प्रश्न हटकून विचारला जातो. बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खतांच्या मात्रा हे विषय संपतात आणि मग मागे बसलेले एखादे वयस्क गृहस्थ उभे राहून म्हणतात, "साहेब, आमच्या उसाच्या मळीवर कारखान्याने डिस्टिलरी काढली. टँकर भरभरून बाहेर जातात. मग आमच्या उसाच्या भावात त्याचा पैसा का दिसत नाही ?"

प्रश्न रास्त आहे. सहकारी साखर कारखान्याचा सभासद हा उसाचा पुरवठादार असतो, तसाच तो आसवनीचा म्हणजे डिस्टिलरीचा मालकही असतो. मालकाला आपल्या धंद्याचा हिशोब समजला पाहिजे. परंतु आंबवण्याच्या क्रियेवर चालणाऱ्या उद्योगाचा हिशोब गुऱ्हाळाच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या हिशोबाहून वेगळा असतो. तो कसा मांडावा, नफा कोठे होतो व कोठे गळतो, आणि त्यातील शेतकऱ्याचा वाटा कोणत्या आकड्यांवर अवलंबून असतो, हे या लेखात सांगावयाचे आहे.

मळी आणि किण्वन

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे पाडतात. ही क्रिया कारखान्यात सामान्यतः तीन टप्प्यांत होते. तिसऱ्या टप्प्यानंतर ज्या दाट काळपट द्रवातून आणखी दाणे पाडणे परवडत नाही, ती अखेरची मळी होय. कारखान्यात तिला 'सी हेवी' मळी म्हणतात. दुसऱ्या टप्प्यानंतरच जी बाजूला काढतात, ती 'बी हेवी' मळी. हिच्यात साखर अधिक शिल्लक असते. काही भागांत गाळणीवर उरणाऱ्या चोथ्यालाही मळी म्हणण्याचा प्रघात आहे. त्या चोथ्याला या लेखात प्रेसमड असे म्हटले आहे.

अखेरच्या मळीतून दाणे पडत नसले तरी तिच्यात वजनाच्या सुमारे ४० ते ४५ टक्के आंबू शकणारी साखर असते. मळीत पाणी मिसळून तिला यीस्ट या सूक्ष्म जीवाचे विरजण लावले की हे जीव साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. या क्रियेस किण्वन म्हणतात. दुधाचे दही होते किंवा इडलीचे पीठ फुगते, ती याच जातीची क्रिया आहे. घरचे विरजण बिघडले तर दह्याला वास येतो. तसाच मळीत परका जंतू शिरला की साखर मद्यार्काऐवजी आम्लात जाते. फ्रान्समधील लील येथे १८५६ मध्ये बीटपासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखानदाराचा माल असाच बिघडू लागला, तेव्हा लुई पाश्चर यांनी त्याचे कारण शोधण्यास सुरुवात केली. किण्वनाच्या आधुनिक शास्त्राचा पाया अशा व्यावहारिक अडचणीतूनच घातला गेला.

साखरेचे वजन कोठे जाते

किण्वनाचा पहिला नियम असा की, सूक्ष्म जीव कितीही चांगला असला तरी तो निसर्गाने घातलेली मर्यादा ओलांडू शकत नाही. १८० किलो ग्लुकोज साखर पूर्णपणे आंबली तर ९२ किलो मद्यार्क व ८८ किलो वायू तयार होतो. म्हणजे जवळजवळ निम्मे वजन हवेत जाते. प्रत्यक्ष कारखान्यात काही साखर यीस्टच्या वाढीसाठी खर्च होते, काही न आंबता राहते, काही परके जंतू खातात. चांगली आसवनी या मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचते. एक टन सी हेवी मळीपासून सुमारे २२५ लिटर आणि एक टन बी हेवी मळीपासून सुमारे ३०० लिटर मद्यार्क मिळतो, असे नियोजनासाठी धरले जाते.

हाच नियम इतर रसायनांनाही लागू आहे, आणि कोणते रसायन किण्वनाने करणे परवडेल हे ओळखण्याची ती एक खूण आहे. दुग्धाम्लात साखरेचे सर्व वजन टिकू शकते. १८० किलो साखरेपासून हिशोबाने १८० किलो दुग्धाम्ल होते. मद्यार्कापासून शिरक्यातील आम्ल, म्हणजे ॲसेटिक आम्ल, करताना वजन वाढते. ४६ किलो मद्यार्कापासून ६० किलो आम्ल होऊ शकते. याउलट प्लॅस्टिकसाठी लागणारे एथिलिन करावयाचे तर ४६ किलो मद्यार्कापासून २८ किलोच मिळते. मद्यार्क व एथिलिन यांचे किलोचे भाव सारखे असतील तर या उद्योगात तोटा ठरलेलाच. खनिज तेलापासून एथिलिन स्वस्तात मिळू लागल्यावर मद्यार्काला त्या क्षेत्रातून माघार घ्यावी लागली, त्याचे मूळ या वजनाच्या हिशोबात आहे.

खर्चाचा मोठा वाटा मळीचा

यीस्टला पगार द्यावा लागत नाही, म्हणून आसवनीचा माल फुकटात तयार होतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मद्यार्काच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा मळीचा असतो. उदाहरणादाखल मळीचा भाव टनास १०,००० रुपये धरू. टनास २२५ लिटर मद्यार्क निघाला तर लिटरमागे मळीचाच खर्च ४४ रुपये ४४ पैसे येतो. स्वच्छता नीट न राहिल्यामुळे किंवा मळी उन्हात तापलेल्या टाकीत फार दिवस राहून तिच्यातील साखर कमी झाल्यामुळे उतारा २०० लिटरवर आला, तर हाच खर्च ५० रुपये होतो. लिटरमागे साडेपाच रुपये नाहीसे होतात आणि ते कोणत्याही पावतीवर दिसत नाहीत. म्हणून आसवनीच्या अहवालात प्रथम पाहावयाचा आकडा म्हणजे टन मळीमागे निघालेले लिटर हा होय. ज्याप्रमाणे आपण एकरी टन ऊस विचारतो, त्याचप्रमाणे हा आकडा विचारावा.

पाण्यातून माल काढण्याचा खर्च

किण्वनात माल नेहमी पुष्कळ पाण्यात विरघळलेला मिळतो. मद्यार्काचे प्रमाण वाढत गेले की तो यीस्टलाच मारक होऊ लागतो. मळीवर चालणाऱ्या आसवनीत आंबलेल्या रसात मद्यार्काचे प्रमाण बहुधा शेकडा आठ ते दहा असते. म्हणजे एक लिटर मद्यार्कासाठी दहा ते बारा लिटर रस तापवावा लागतो. मद्यार्क ७८ अंश सेल्सियसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून मद्यार्काची वाफ आधी निघते व ती थंड करून वेगळी करता येते. साध्या आसवनाने सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत जाता येते. पेट्रोलमध्ये मिसळावयाचा मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, जवळजवळ निर्जल लागतो. त्यासाठी उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या विशेष चाळण्यांतून त्याची वाफ न्यावी लागते. या सर्वांस वाफ लागते. साखर कारखान्याजवळ उसाचे चिपाड असते, म्हणून ही वाफ तेथे स्वस्त पडते. आसवनी कारखान्याच्या आवारातच का परवडते, याचे हे एक मोठे कारण आहे.

पाण्याचा हा खर्च एखाद्या उद्योगाचा अंत कसा करतो, याचे उदाहरण ॲसिटोन व ब्युटेनॉल या रसायनांच्या इतिहासात सापडते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला दारूगोळ्यासाठी ॲसिटोनची निकड भासली, तेव्हा खाइम वाइझमन यांनी एका जिवाणूच्या साहाय्याने पिष्टमय धान्यापासून ते मिळविले. पुढे मक्याच्या जोडीला मळीवरही हे कारखाने चालले. परंतु हा जिवाणू आपल्याच मालाने लवकर गुदमरतो. शंभर किलो रसात दोन किलोच्या आसपास माल झाला की काम थांबते, आणि साखरेचा जेमतेम तिसरा हिस्सा मालात उतरतो. शिवाय ब्युटेनॉल पाण्यापेक्षा वरच्या तपमानास उकळते. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून तीच रसायने स्वस्तात होऊ लागली, आणि पशुखाद्यासाठी मागणी वाढल्याने मळी महाग झाली. अमेरिकेतील हे कारखाने १९६० च्या सुमारास बंद पडले. जिवाणू पूर्वीइतकाच कार्यक्षम होता. मळीचा भाव आणि वाफेचा खर्च यांनी त्याला हरविले.

सायट्रिक आम्लाची कथा नेमकी उलट आहे. पूर्वी ते इटलीतील लिंबांपासून काढीत. जेम्स करी यांनी काळी बुरशी साखरेपासून हे आम्ल भरपूर प्रमाणात करते, असे १९१७ मध्ये दाखविले, आणि १९२३ मध्ये अमेरिकेतील फायझर कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. येथे बुरशी साखरेचा मोठा भाग आम्लात उतरविते, आणि ते आम्ल चुन्याच्या साहाय्याने साक्याच्या रूपात खाली बसविता येते. सारे पाणी उकळावे लागत नाही. महाग फळाची जागा स्वस्त साखरेने घेतली आणि लिंबाचा बाजार खाली आला. महाग व थोडका माल असेल तर किण्वन आणखी शोभून दिसते. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन होऊ लागले, तेही बुरशीच्या किण्वनानेच. तेथे साखरेच्या भावापेक्षा शुद्धतेला व कौशल्याला महत्त्व असते. मद्यार्क मात्र स्वस्त व अवाढव्य प्रमाणात लागणारा माल असल्यामुळे त्याच्या हिशोबात एकेका रुपयाला किंमत आहे.

आसवनी किती दिवस चालते

यंत्रसामग्रीवरील व्याज व घसारा आसवनी चालो वा बंद राहो, चालूच राहतो. म्हणून आसवनी वर्षात किती दिवस चालणार, हे उभारणीपूर्वीच पाहिले पाहिजे. दररोज ३०,००० लिटर क्षमतेच्या आसवनीस सुमारे १३३ टन सी हेवी मळी रोज लागते. वर्षात ३०० दिवस चालवावयाची तर ४०,००० टन. एक टन उसामागे ४५ किलो मळी धरली तर यासाठी जवळजवळ नऊ लाख टन उसाचे गाळप हवे. पाच लाख टन गाळप असणाऱ्या कारखान्याची स्वतःची मळी २२,५०० टन होईल, आणि आसवनी सुमारे १६९ दिवस चालेल. व्याज व घसारा मिळून वर्षाला ९ कोटी रुपये येतो, असे केवळ उदाहरणासाठी धरले, तर ३०० दिवस चालल्यास तो लिटरमागे १० रुपये पडतो आणि १६९ दिवस चालल्यास पावणेअठरा रुपये. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी ऊस कमी आणि मळीही कमी. शिवाय बाहेरची मळी तेव्हाच महाग असते. म्हणून शेजारच्या कारखान्याची आसवनी मोठी आहे, एवढ्यावरून आपलीही मोठी असावी, हा विचार धोक्याचा आहे.

सांडपाणी हाही खर्चच

मद्यार्क काढून घेतल्यावर काळपट, आम्लयुक्त व उग्र वासाचे सांडपाणी उरते. एक लिटर मद्यार्कामागे ते साधारणपणे आठ ते पंधरा लिटर असते. दहा लिटर धरले तरी वर सांगितलेल्या आसवनीतून ते रोज तीन लाख लिटर निघेल. प्राणवायू शोषून घेण्याची त्याची शक्ती घरगुती सांडपाण्याच्या शंभराहून अधिक पट असते. ते ओढ्यात गेले तर मासे मरतात; खड्ड्यातून जमिनीत मुरले तर विहिरीचे पाणी तांबूस होते आणि जनावरेही त्याला तोंड लावीत नाहीत. एका गावी मी अशा विहिरी पाहिल्या आहेत. तेथील शेतकऱ्यांनी आसवनीच्या खर्चाचा एक भाग आपल्या विहिरींच्या रूपाने भरला होता. कारखान्याच्या ताळेबंदात तो कोठेही नव्हता.

हे पाणी बाहेर सोडू नये, अशी प्रदूषण नियंत्रण मंडळांची अट आहे. म्हणून त्यापासून प्रथम जळाऊ वायू काढतात, ते आटवितात, प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करतात किंवा आटविलेला द्रव विशेष भट्टीत जाळतात. उसाने जमिनीतून घेतलेला पालाश या सांडपाण्यात येतो. भट्टीच्या राखेपासून केलेल्या व १४.५ टक्के पालाश असलेल्या खतास शासनाची मान्यता आहे. आपल्या देशास पालाश परदेशातून आणावा लागतो, हे ध्यानात घेता ही राख मौल्यवान आहे. तरीही सांडपाण्याची व्यवस्था ही आधी खर्चाची बाब आहे आणि नंतर उत्पन्नाची. उभारणीच्या अंदाजपत्रकात तिला पूर्ण जागा हवी.

साखर करावी की मद्यार्क

बी हेवी मळी आसवनीकडे वळविली की मद्यार्क वाढतो व साखर घटते. यात लाभ आहे की नाही, हे एका टन उसाच्या हिशोबाने पाहू. समजा, पूर्ण साखर काढल्यास १०५ किलो साखर व ४५ किलो सी हेवी मळी मिळते, आणि त्या मळीपासून १० लिटर मद्यार्क. बी हेवी मळी वळविल्यास ९० किलो साखर व १८.६ लिटर मद्यार्क मिळतो. २०२४-२५ या पुरवठा वर्षासाठी केंद्र शासनाने इथेनॉलचा खरेदी-भाव सी हेवी मळीसाठी लिटरला ५७ रुपये ९७ पैसे व बी हेवी मळीसाठी ६० रुपये ७३ पैसे ठरविला होता. साखरेचा किमान विक्री-भाव २०१९ पासून किलोला ३१ रुपये होता.

साखर ३१ रुपयांनी विकली तर पहिल्या पद्धतीने सुमारे ३,८३५ रुपये व दुसऱ्या पद्धतीने ३,९२० रुपये हाती येतात. बी हेवीत ८५ रुपयांचा लाभ दिसतो. साखर ३६ रुपयांनी विकली तर हा लाभ १० रुपयांवर येतो. साखर ३८ रुपयांस गेली तर तोच २० रुपयांचा तोटा होतो. दोन्ही पद्धती सुमारे ३६ रुपये ६५ पैसे या भावाला सारख्या ठरतात. यात जादा मद्यार्क काढण्याचा खर्च धरलेला नाही. तो धरल्यास ही रेषा आणखी खाली येईल. मात्र इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात व साखर गोदामात पडून राहिल्यास तिच्यावर व्याज चढते, हेही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घालावे लागते.

शासनाचे धोरणही या हिशोबात येते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने साखरेच्या टंचाईची भीती निर्माण झाली. तेव्हा डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास प्रथम मनाई झाली, आणि नंतर रस व बी हेवी मळी मिळून १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी ही मर्यादा काढण्यात आली. केवळ एका वर्षाच्या भावावर कर्ज काढून आसवनी उभारणे किती जोखमीचे आहे, हे यावरून दिसते.

शेतकऱ्याचा वाटा

आता सभेतील त्या प्रश्नाकडे वळू. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,४०० रुपये होता. उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्का वाढीस अथवा घटीस ३३ रुपये २० पैसे, आणि साडेनऊ टक्के व त्याखालील उताऱ्यास ३,१५१ रुपये. वरील उदाहरणात खरा उतारा साडेदहा टक्के आहे. त्याला दर ३,४८३ रुपये पडतो. परंतु बी हेवी मळी वळविल्यामुळे पोत्यांत ९ टक्केच साखर दिसते. तेवढाच उतारा धरला तर दर ३,१५१ रुपये होईल आणि शेतकऱ्याचे टनाला ३३२ रुपयांचे नुकसान होईल. हे होऊ नये म्हणून मळीबरोबर गेलेली साखर उताऱ्यात मिळविली पाहिजे. महाराष्ट्रात या घटीचे प्रमाणपत्र मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून घेण्याची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या वाटणीची. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या ऊसदराच्या कायद्यात साखर, चिपाड, मळी व प्रेसमड यांच्या एकत्रित उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा शेतकऱ्यास, असे सूत्र आहे. यात मळी आहे, मद्यार्क नाही. कारखाना आपलीच मळी आपल्याच आसवनीला कोणत्या भावाने देतो, यावर वाटणीतील मळीचे उत्पन्न ठरते. टन उसामागे ४५ किलो मळी धरता, मळीचा भाव १०,००० रुपये लावल्यास ७० टक्क्यांच्या वाट्यात ३१५ रुपये येतात, आणि ६,००० रुपये लावल्यास १८९ रुपये. फरक १२६ रुपयांचा. कमी भाव लावला की आसवनीचा नफा फुगतो व उसाचा भाव आकसतो. त्या वयस्क गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथे सापडते.

वार्षिक सभेत काय विचारावे

प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा शेतकरीच कारखान्याचा मालक व्हावा हा हेतू होता. आसवनीच्या बाबतीत तो हेतू टिकवावयाचा तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रश्न सभासदांस समजावून द्यावेत आणि वार्षिक सभेपूर्वी अहवाल मागवून त्यांची उत्तरे शोधण्यास त्यांना साहाय्य करावे.

१. गेल्या वर्षी एक टन मळीपासून किती लिटर मद्यार्क निघाला ?
२. आसवनी किती दिवस चालली, आणि त्यांपैकी किती दिवस बाहेरच्या मळीवर ?
३. आसवनीला मळी कोणत्या भावाने दिली, आणि त्याच काळात बाजारभाव काय होता ?
४. बी हेवी मळी किंवा रस वळविला असल्यास उताऱ्यात किती वाढ धरली, व तिचे प्रमाणपत्र कोठे आहे ?
५. सांडपाणी कोठे जाते, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी शेवटी केव्हा तपासले ?
६. आसवनीवरील कर्ज किती राहिले, आणि नफ्यातून सभासदांस काय मिळाले ?

शेतकऱ्याकडेही एक काम आहे. पक्व, स्वच्छ व तोडल्याबरोबर गाळलेला ऊस साखरेला जसा हवा, तसाच मळीलाही हवा. माती, पाचट व शिळा ऊस यांबरोबर परके जंतू आत येतात, आणि त्यांनी खाल्लेली साखर पोत्यातही येत नाही व टँकरमध्येही येत नाही. तोडणी व वाहतूक यांमध्ये वेळ जाऊ न देणे, एवढे तरी प्रत्येक गटाने पाहावे.

हे सहा आकडे ज्या सभासदाने वहीत लिहून ठेवले आहेत, त्याला टँकर मोजीत बसण्याचे कारण उरणार नाही. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की आपली आसवनी उसाच्या भावात भर घालते की त्यातून उचल करते, हे त्याचे त्यालाच दिसेल.